सात किलो सातशे ग्रॅम

ज्या दिवशी ईश्वरी बनसुडेचं वजन सत्तेचाळीस किलो शंभर ग्रॅम भरलं, त्या दिवशी कुंभारगावच्या रिकाम्या पोल्ट्री शेडमध्ये पेढे वाटले गेले.

पेढे आणले होते निनाद कुलथेने. विमानाचा आराखडा त्याचा होता आणि ईश्वरीचं लग्नही त्याच्याशीच ठरलं होतं. बारामतीच्या सोनाराघरचा हा मुलगा विमानाचा एकेक स्क्रू वडिलांच्या तराजूत तोलायचा आणि अर्धा ग्रॅम वाचला तरी शीळ घालायचा. शेडमध्ये पूर्वी आठ हजार कोंबड्या होत्या. आता तिथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकतीस मीटरचा एकच पंख पसरलेला होता, कार्बनच्या पोकळ नळ्यांचा आणि कागदाहून पातळ पारदर्शक पापुद्र्याचा. पंखाखाली माणूस जेमतेम मावेल अशी लांबट बंद खोळ, जिला सगळे काकडी म्हणत, तिच्यात सायकलसारखी पायटी आणि पुढे पंखा. इंजिन नाही, बॅटरी नाही. वैमानिकाने पायटी मारायची आणि उडायचं. विमानाचं नाव ‘चित्रबलाक’. वजन छत्तीस किलो.

ठरलं होतं असं: ५ फेब्रुवारी २०४२ रोजी उजनी धरणाच्या फुगवट्यावरून, पाण्याला न टेकता, सलग वीस किलोमीटर. पंचांसमोर. आशियात कुणी तोवर एवढं अंतर केवळ पायांच्या जोरावर उडालं नव्हतं. ईश्वरी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली आणि राज्य पातळीवर सायकल शर्यती जिंकलेली, त्यामुळे वैमानिक कोण हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक भागाचं वजन लिहिलेलं असे. पंख, शेपूट, साखळी आणि सगळ्यात खाली ‘वैमानिक’. एप्रिलमध्ये तिथे ५४.२ होतं. जुलैच्या त्या सकाळी निनादने ते पुसून ४७.१ लिहिलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात ईश्वरीची आई डबा घेऊन आली. कालिंदाबाई बनसुडे, पळसदेवच्या अंगणवाडीत बावीस वर्षं सेविका.

“पेढे कशाचे?”

“काकू, ईश्वरी सत्तेचाळीसवर आली!” निनादने खोका पुढे केला. “एप्रिलपासून सात किलो. प्रत्येक किलोमागे तीन वॅट ताकद कमी लागते. म्हणजे एकवीस वॅट! एवढं पंखातून वाचवायला मला वर्ष गेलं असतं.”

कालिंदाबाईंनी पेढा घेतला नाही. त्यांनी आधी फळ्याकडे पाहिलं, मग लेकीच्या गळ्याकडे.

“निनादराव, माझ्याकडे अठ्ठावीस पोरं आहेत. दर महिन्याला त्यांना काट्यावर घालते आणि तक्त्यात टिंब मांडते. टिंब खाली घसरलं की मी पेढे वाटत नाही. पोर काखेत मारते आणि दवाखाना गाठते.”

“आई, मला काही झालेलं नाहीये. उलट इतका उत्साह असतो...”

“चार भाकरी खातेस. चार! आणि वाळत चाललीस. जेवण जातंय कुठं तुझं?”

शेडमध्ये सात जण होते, त्यांतले पाच इंजिनिअर. एखाद्या यंत्रात इंधन दुप्पट जातंय आणि टाकी तरी रिकामी होतेय असं दिसलं असतं, तर त्यांच्यातल्या कुणीही पहिल्या दिवशीच गळती शोधायला घेतली असती. ईश्वरीच्या बाबतीत त्यांनी तीन महिने टाळ्या वाजवल्या होत्या. गेल्या महिन्यापासून ती सरावात लवकर दमायची, तेव्हा त्यांनी साखळी बदलली होती. मग दातेरी चाक बदललं होतं.

“चल,” कालिंदाबाई म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता.”

*

डॉ. लुबना तांबोळींचं क्लिनिक इंदापुरात होतं. बाई पन्नाशीच्या, बोलायला चटपटीत. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो ईश्वरीच्याच हातात दिला.

“वाच. एम.एस्सी. आहेस ना?”

ईश्वरीने वाचलं. फ्री टी-फोर ४.९, आणि पुढे छापलेली नेहमीची मर्यादा ०.८ ते १.८. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी.

“एक जास्त आहे, एक कमी. मग थायरॉइड जास्त आहे की कमी?”

“सगळे इथेच अडखळतात. ऐक. माझे अब्बा कॅनॉलवर पाटकरी होते, म्हणून मला हे पाण्यातच कळतं. तुझं शरीर म्हणजे शेत. टी-फोर म्हणजे पाटाचं पाणी, आणि थायरॉइड म्हणजे ते सोडणारा पाटकरी. आता टीएसएच काय? ते पाणी नाही. ती शेतमालकाची हाक आहे. मालक बसलाय वर मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी नावाच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत. शेत कोरडं पडलं की तो ओरडतो, सोड रे पाणी! म्हणजे टीएसएच वाढतं. शेत तुंबलं की?”

“गप्प बसतो.”

“तुझा मालक अगदी गप्प बसलाय. बरोबरच आहे त्याचं. पण पाणी तर धो धो येतंय. मग हाक कोण मारतंय?”

ईश्वरी पुढे सरकली. भीती कधीच मागे पडली होती. तिला आता कोडं सोडवायचं होतं. “दुसरं कुणीतरी. मालकाचा आवाज काढून.”

“शाब्बास! तुझ्या रक्तात एक प्रतिपिंड तयार झालंय. शरीराने रोगजंतूंशी लढायला बनवायची वस्तू, पण ही चुकून टीएसएचच्या आवाजात बोलते. पाटकऱ्याला फरक कळत नाही. तो दिवसरात्र पाणी सोडत राहतो. म्हणून नाडी बसल्या जागी एकशे अठरा, म्हणून हात थरथरतात, म्हणून चार भाकऱ्या जिरून जातात. आपण गोळीने पाटकऱ्याचे हात जरा बांधायचे. आणि तीन महिने सायकल बंद.”

“बंद?”

“हृदय असं पळत असताना त्याच्यावर आणखी भार टाकलास, तर त्याचा ताल बिघडेल. मग विमान राहू दे, जिना चढता येणार नाही.”

मग त्यांनी तिच्या दंडात दाणा बसवला.

दाणा येऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. तांदळाएवढा, कातडीखाली बसणारा. त्याच्या पृष्ठभागावर कृत्रिम डीएनएचे लक्षावधी धागे असतात, आणि प्रत्येक धागा एका ठरावीक हॉर्मोनसाठी शिवलेला. हॉर्मोनचा रेणू अडकला की धागा दुमडतो, दुमडला की त्यातून वाहणारी विजेची अतिसूक्ष्म धार बदलते, आणि किती धागे दुमडले त्यावरून रक्तातलं प्रमाण कळतं. दर सहा तासांनी. पूर्वी दीड महिन्यातून एकदा सुई टोचून एक आकडा मिळायचा, आता फोनवर सळसळत्या रेघा दिसत.

पण लोकांना दाण्याचं वेड लागलं होतं ते त्याच्या भाकितामुळे. दाणा वापरणाऱ्या लाखो रुग्णांच्या नोंदींशी तुमच्या रेघा ताडून तो सांगायचा, एवढी गोळी घेतलीत तर अमुक तारखेला तुमची रेघ इथे असेल, आणि तुमचं वजन इतकं.

ईश्वरीने तारीख घातली. पाच फेब्रुवारी.

५४.८.

सात किलो सातशे ग्रॅम. क्लिनिकच्या पायऱ्या उतरताना तिला वाटलं, एवढ्या वजनाची एखादी गोणी कुणीतरी आत्ताच आपल्या पाठीवर ठेवली आहे.

*

शेडमध्ये निनादने तो आकडा ऐकला आणि मटकन खुर्चीत बसला.

“तुझं वजन उतरताना बघून पंखाचा मुख्य दांडा मी त्र्याऐंशी किलोंसाठी आखलाय, ईशू. छत्तीस विमान, सत्तेचाळीस तू. त्यावर दीडपट सुरक्षा. एक्क्याण्णव किलो झाले तर ती सुरक्षा एक पूर्णांक सदतीसवर येते. एक झुळूक आडवी आली तरी दांडा मोडेल.”

प्रकल्पाचे प्रमुख व्यवहारे सर खिडकीशी उभे होते. निवृत्त प्राध्यापक, कधी आवाज न चढवणारे. ते म्हणाले, “कोल्हापूरची एक मुलगी आहे. एकोणपन्नास किलोची. तासभर एकशे बहात्तर वॅट काढते. तिच्या वजनाला विमानाला एकशे अडुसष्ट लागतात. म्हणजे बेताबेतानेच, पण होईल.” मग त्यांनी पुस्ती जोडली, “ईश्वरी, पंधरा डिसेंबरला मी निर्णय घेईन. तोपर्यंत तुझी जागा तुझी.”

सर गेल्यावर निनाद तिच्या फोनवरच्या रेघा न्याहाळत बसला. अचानक तो ताठ झाला.

“हे बघ! टीएसएच शून्य पूर्णांक शून्य एक. म्हणजे थायरॉइड आधीच तळाला गेलीये ना? मग तिला आणखी दाबायची गोळी कशाला? कमीत कमी अर्धी तरी कर. डॉक्टरसुद्धा माणूसच असतात.”

ईश्वरीला उत्तर तोंडपाठ होतं. ते पाणी नाही, ती हाक आहे. दोन वाक्यांत सांगता आलं असतं आणि निनादला ते कुणाहीपेक्षा लवकर समजलं असतं. आयुष्यभर तो अशीच नियंत्रण-वर्तुळं, एकाच्या मापावरून दुसऱ्याला आवरणाऱ्या यंत्रणा, आखत आला होता.

तिने सांगितलं नाही.

“बघते,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने गोळी मोडून अर्धी घ्यायला सुरुवात केली. रोज सकाळी ती दाण्याला नवं भाकीत विचारायची. ५३.९. मग ५२.४. मग ५०.६! आकडा असा उतरताना पाहून तिला शर्यतीत एकेक सायकलस्वार मागे टाकल्यासारखा आनंद व्हायचा. टी-फोरची रेघ पुन्हा वर वळत होती, पण फोनवरचं ते पान ती उघडायचीच नाही.

*

नवव्या दिवशी, शुक्रवारी, ती आईच्या मदतीला अंगणवाडीत गेली. वजनं घ्यायचा दिवस होता. ती जमिनीवर उकिडवी बसून पोरांच्या चपला काढत होती. अठ्ठाविसावं पोर उतरलं, आणि ती उठायला गेली.

उठता येईना.

पायांना दुखत नव्हतं, मुंग्याही नव्हत्या. मांड्यांना उठायला सांगितलं तर त्या नुसत्या थरथरल्या आणि ती पुन्हा खाली बसली. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिने तळहात गुडघ्यांवर टेकले, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावरून शिडी चढल्यासारखी रेटत रेटत उभी राहिली.

पोरांना वाटलं ताईंनी नवा खेळ काढला. सगळी उकिडवी बसली आणि हात टेकत, कुंथत, खिदळत उठायला लागली. “ताई, पुन्हा! ताई, पुन्हा!”

कालिंदाबाईंच्या हातात खडू होता. त्या हसल्या नाहीत.

“गोळी घेतेस ना गं?”

“घेते.”

“पुरी?”

ईश्वरी रिकामा काटा आवरायला लागली. ही मुलगी घाट चढताना पुरुषांना मागे टाकायची, आणि आज तिला जमिनीवरून उठायला हात लागत होते. कालिंदाबाईंनी तिला खुर्ची दिली, मुलांच्या खिचडीतली वाटीभर खिचडी तिच्यासमोर ठेवली आणि पाठ फिरवून तक्ता भरायला घेतला. त्यांची पाठ हलत होती.

तेवढ्यात फोन वाजला. डॉ. तांबोळी.

“तुझी रेघ वर चाललीये. गोळी विसरतेस, की ठरवून?”

“ठरवून,” ईश्वरी म्हणाली.

“वजनासाठी?”

“हो.”

पलीकडे एक सुस्कारा ऐकू आला. “माझ्या दहांतल्या सहा पेशंट हेच करतात. दाण्याआधीही करायच्या, आता भाकीत बघून करतात. बोल, पुढे काय?”

ईश्वरी आपल्या मांडीकडे पाहत होती. सलवार तिथे सैल, चुण्या पडलेली. पोटाशीही सैल होती, पण मांडीशी जास्त. तिच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं.

“मॅडम, एक विचारू? दाणा सांगतो सात किलो सातशे ग्रॅम वाढणार. पण ते वजन कशाचं?”

“म्हणजे?”

“चरबी की स्नायू? आणि एप्रिलपासून जे गेलं, ते कशाचं गेलं?”

पलीकडे बाई मोठ्याने हसल्या. “अगं, चार वर्षांत हा प्रश्न मला एकाही पेशंटने विचारला नाही! सगळ्या ‘किती’वरच थांबतात. ये इकडे. नोंदी आहेत, कुणी उघडून बघत नाही एवढंच.”

*

दाण्याच्या नोंदींमागे हजारो रुग्णांच्या मांड्यांची स्कॅनची चित्रं होती, उपचाराआधीची आणि नंतरची. डॉक्टरांनी ईश्वरीच्या वयाच्या, तिच्याइतकाच टी-फोर असलेल्या बायका वेगळ्या काढल्या. पडद्यावर मांडीचे आडवे छेद येत गेले. आधीच्या चित्रांत स्नायूंचा गोल आक्रसलेला, नंतरच्या चित्रांत भरलेला.

“शेत तुंबलं की आधी काय वाहून जातं? नुसतं तण नाही, मातीही जाते,” डॉक्टर म्हणाल्या. “हॉर्मोन जास्त झालं की शरीर मिळेल ते जाळतं, आणि त्याला मांडीचे, खांद्याचे मोठे स्नायू फार आवडतात. तुझं गेलेलं वजन तुझंच होतं. गोळी नवं काही चढवत नाही. बहुतेक जण आजाराआधी जिथे होते तिथे परत येतात.”

“बहुतेक.”

“बहुतेक. काही थोडे पुढेही जातात. चार भाकऱ्यांची सवय मोडत नाही म्हणून, किंवा गोळी गरजेपेक्षा जास्त झाली म्हणून. मी खोटं सांगणार नाही. म्हणून तर रेघ बघत राहायची आणि गोळी कमी करत न्यायची. पण परत येणाऱ्यातलं जवळपास निम्मं स्नायू असतं, जर नीट खाल्लंस आणि हॉर्मोन ताब्यात आल्यावर व्यायाम केलास तर.”

ईश्वरीने वही काढली. एप्रिलमध्ये चोपन्न किलोंवर ती तासभर दोनशे तीन वॅट काढायची. जुलैत सत्तेचाळीसवर एकशे पन्नास. तिने एक भागाकार केला, मग एक वर्गमूळ, आणि तशीच उठून एसटीकडे धावली. धावू नको असं डॉक्टर मागून ओरडत राहिल्या.

*

“तुला एक गणित दाखवते,” ती शेडच्या दारातूनच म्हणाली.

निनाद पंखाखाली उताणा पडून पापुद्रा ताणत होता. तो बाहेर येईपर्यंत तिने फळ्याचा अर्धा भाग पुसला होता.

“उडायला लागणारी ताकद एकूण वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते, बरोबर? सत्तेचाळीस किलोंची मी, विमानाला हवेत एकशे बासष्ट वॅट. माझ्याकडे आहेत एकशे पन्नास.” तिने खडूने रेघ मारली. “आपण उडणारच नव्हतो, निनाद. तुम्ही पेढे वाटलेत त्या दिवशी विमान बारा वॅटनी खाली पडलं होतं.”

निनाद फळ्याजवळ आला.

“आता चोपन्न किलो आठशेची मी. लागतात एकशे पंच्याऐंशी. जास्त आहेत, कबूल. पण माझ्याकडे असतील दोनशे!”

“असतील? कशावरून?”

“एप्रिलमध्ये जवळपास याच वजनावर दोनशे तीन होते. आपण एकूण वजन मोजलं आणि इंजिन कुठलं ते मोजलंच नाही. तू विमानातला बारीकसारीक ग्रॅम ओळखतोस. माझ्यातून सात किलो कमी झाले, त्यात किती इंजिन गेलं हे कुणी विचारलं का? मीही नाही विचारलं.”

तो फळ्यासमोर उभा राहिला. ओठ हलवत त्याने सगळं पुन्हा मोजलं. मग तळहाताने ‘४७.१’ पुसलं.

“मी तुझ्या आजारपणाच्या मापाचा पंख बांधला,” तो हळूच म्हणाला.

“आणखी एक सांगायचंय.” तिने खडू ठेवला. “टीएसएचचं तू बोललास ना, ते उलटं होतं. टीएसएच म्हणजे हॉर्मोन नव्हे, हॉर्मोन सोडायची मागणी. मागणी शून्यावर गेली कारण पुरवठा भरमसाठ होता. मला तेव्हाच माहीत होतं.”

निनाद वळला. “माहीत होतं?”

“मला ते खरं असायला हवं होतं. म्हणून मी नऊ दिवस अर्धी गोळी घेतली.”

“मी चुकीचं बोललो आणि तू मला चुकू दिलंस?” त्याचा आवाज शेडच्या पत्र्यावर आदळला. “काही झालं असतं म्हणजे? माझ्या शब्दावर? ईश्वरी, तू...” तो शेडच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि परत आला तो मोजपट्टी घेऊन.

“दांडा जाड करावा लागेल. नऊशे ग्रॅम कार्बन वाढेल.” नऊशे म्हणताना त्याचा चेहरा दाढदुखीसारखा झाला. “तू पूर्ण गोळी घे. बाकी मी बघतो. आणि मला खोटं बोलू नकोस. न बोलून तर अजिबात नको.”

*

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. ऑक्टोबरात टी-फोर मर्यादेत आला, पण टीएसएच तिथेच, शून्य पूर्णांक शून्य एक. यावेळी निनादच सगळ्यांना समजावत होता. “मालक बरेच महिने गप्प होता. शेत वाळलं म्हणून लगेच ओरडणार नाही. त्याला थोडा वेळ लागतो.” नोव्हेंबरात त्याने पहिली बारीक हाक मारली, ०.३, आणि डॉक्टरांनी गोळी निम्म्यावर आणली, यावेळी त्यांनी स्वतः.

वजन वाढत होतं. निनादच्या मावशीने दिवाळीत तिला पाहून म्हटलं, “अगंबाई, लग्नाआधीच अंग धरलंस!” ईश्वरी हसली, आणि घरी येऊन आरशासमोर थोडी रडली. सत्य ठाऊक असलं तरी घट्ट झालेली बाही दंडाला काचतेच. कालिंदाबाईंनी मात्र स्वयंपाकघराच्या दारामागे अंगणवाडीतला एक तक्ता चिकटवला होता. त्यावर लेकीचं टिंब दर रविवारी वर चढायचं आणि त्या रविवारी घरात शिरा व्हायचा.

पंधरा डिसेंबरला व्यवहारे सरांनी तिला वॅट मोजणाऱ्या स्थिर सायकलवर बसवलं. कोल्हापूरची मुलगी, तेजल सासने, शेजारीच उभी होती, आणि सगळ्यात जोरात ओरडत होती तीच. नव्या दांड्यासह लागणारी ताकद होती एकशे एकोणनव्वद. पन्नासाव्या मिनिटाला ईश्वरीच्या मांड्या पेटल्या. पण त्या मांड्या होत्या. दुखायला काहीतरी होतं तिथे! साठाव्या मिनिटाला सरांनी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

“एकशे सत्त्याण्णव. आणि नाडी?”

“नेहमीसारखी,” निनाद म्हणाला. “ताल एकदाही चुकला नाही.”

“मग कोल्हापूरकर,” सर म्हणाले, “तुम्ही पाठलागाच्या होडीत.”

“चालेल सर,” तेजल म्हणाली. “पण पुढच्या वर्षी हिला हरवायला मी पाच किलो वाढवून येते.”

*

पाच फेब्रुवारी. सूर्य अजून वर आला नव्हता आणि पाणी शिशासारखं निश्चल होतं. पलीकडच्या तीरावर तरंगत्या सौरपट्ट्यांची काळी ओळ दिसत होती. मच्छीमारांनी त्या सकाळपुरत्या होड्या काठाला ओढून घेतल्या होत्या आणि त्या होड्यांवरच सगळं गाव बसलं होतं.

काट्यावर शेवटचं वजन झालं. पंचावन्न किलो तीनशे. भाकिताहून अर्धा किलो जास्त. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी तोंडही वाकडं केलं नाही. निनादने आकडा लिहिला आणि नुसती मान हलवली. मग तिच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः लावला.

“आवाज येतोय?”

“येतोय.”

“मार पायटी.”

पंखा फिरला. निनाद आणि तेजल पंखांची टोकं धरून दोन्ही बाजूंनी धावले, पाच पावलं, दहा, वीस, आणि मग त्यांच्या हातांत काही राहिलं नाही; दोघं पाठलागाच्या होडीकडे पळाली. चाकाची खरखर थांबली. खाली काठ संपला, पाणी सुरू झालं, आणि पाण्यात एक लांबच लांब पारदर्शक सावली तिच्याबरोबर निघाली.

तीन मीटर उंची. ताशी चोवीस किलोमीटर. काकडीच्या आत तिचा श्वास, साखळीची टिकटिक आणि कानात निनाद.

पाच किलोमीटर. “एकशे नव्वद. छान. असंच.”

दहा. काकडीत घाम वाफेसारखा साचला. समोरचा पापुद्रा धुरकट झाला.

चौदाव्या किलोमीटरला दरीसारख्या एका खाचेतून वारा आला. डावा पंख उचलला गेला, दांडा कण्हला. होडीत निनाद उभाच राहिला. नऊशे ग्रॅम, नऊशे ग्रॅम, तो पुटपुटत होता. विमान एक मीटरवर आलं. पाण्याचा गारवा ईश्वरीच्या पोटऱ्यांना लागला. तिने दात आवळले आणि मांड्यांकडे ताकद मागितली. एकशे नव्वद. दोनशे. दोनशे अठरा! विमान सावकाश, कुरकुरत वर चढलं.

अठरा. एकोणीस. काठाकाठाने माणसं धावत होती आणि सगळ्यांच्या पुढे अंगणवाडीच्या गुलाबी साडीत एक बाई चपला हातात घेऊन धावत होती.

पंचांच्या दोन नारिंगी फुग्यांमधून ‘चित्रबलाक’ गेलं तेव्हा होडीत जो आरडाओरडा झाला त्यात रेडिओ बुडून गेला. मग निनादचा आवाज आला, फाटलेला, हसणारा, रडणारा.

“वीस! ईशू, वीस झाले! ऐकतेस ना? उतर आता. पाय सोड. होडी मागेच आहे. उतर!”

ईश्वरीने समोर पाहिलं. सूर्य वर आला होता. पुढे पाणी होतं, आणखी पाणी, आणि त्यापलीकडे फुगवटा वळत होता तिथे अजून कुणी फुगे बांधले नव्हते.

“ईश्वरी? उतर गं!”

“थांब जरा,” ती धापा टाकत म्हणाली. “अजून आहे.”

“काय आहे?”

“पायांत,” ती म्हणाली, आणि वळणाकडे निघाली.